काल काय केलंत?

आमच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत धरणं आहेत, भातखाचरं आहेत, एका बाजूला माहुली आणि दुसऱ्या बाजूला माळशेज आहे. समुद्र नाही. त्यामुळे मी खाऱ्या पाण्याचे फिशटँक लावून देतो आणि बिघडले की बघायला जातो, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "इकडे चालतं का ते?"

चालतं, पण त्यावर घर चालत नाही. घर चालतं गोड्या पाण्याच्या पेट्या, हॉटेलांतले कारंजे आणि पंपांची दुरुस्ती यांवर. खारे टँक मोजके. हायवेलगतच्या दोन-तीन हॉटेलांत, शहापुरातल्या एका दवाखान्यात, मुरबाडकडच्या काही फार्महाऊसांत, आणि अधूनमधून एखाद्या हौशी शिक्षकाच्या किंवा सोनाराच्या घरी. पण या धंद्यात मला जे काही कळलं, ते बहुतेक याच टँकांनी शिकवलं. त्याची किंमत माशांनी मोजली, हे आधीच सांगून टाकतो.

लहानपणी माझा माशांशी संबंध खाण्यापुरताच होता. पहिल्या पावसात वलगणीचे मासे खाचरांत चढायचे आणि आम्ही पोरं कंदील घेऊन बांधावर बसायचो. मासा शोभेसाठी ठेवतात हे शाळेच्या सहलीत कळलं. चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालेलं. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या काचा अंधुक झाल्या होत्या. तरी एका काचेमागे पिवळाजर्द मासा होता, आणि त्याला कालवणात घालायची इच्छा झाली नाही, एवढं आठवतं.

बारावीनंतर आसनगावहून लोकल धरून कुर्ल्याला जाऊ लागलो. तिथे एका माशांच्या दुकानात नोकरी लागली. क्लाउन माशाचा 'फाइंडिंग निमो' हा सिनेमा २००३ सालचा; मी दुकानात आलो तोवर त्याच्या सीड्या घरोघर पोचल्या होत्या. पोरं बापाचा हात ओढत यायची आणि नारिंगी-पांढऱ्या क्लाउनकडे बोट दाखवायची. बाप किंमत विचारायचा, मग टँकची विचारायचा, आणि आम्ही सगळं एकाच दिवशी बांधून द्यायचो: पेटी, मीठ, वाळू, पंप आणि मासे. "आज रात्री चालू करा, उद्या सोडा." मी हे वाक्य किती जणांना म्हटलं असेल याचा हिशेब नाही. मी खोटं बोलतोय हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी बोललो असतो, कारण पगार आठवड्याच्या विक्रीवर ठरायचा.

माशाच्या मूत्रातून, कल्ल्यांतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. जुन्या टँकमध्ये तो खाणारे जिवाणू दगडावर, वाळूवर वस्ती करून असतात. एका जातीचे अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टँकमध्ये ही वस्तीच नसते आणि ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. गोड्या पाण्याच्या टँकवाल्याला वाटतं, आपला गोल्डफिश तर पहिल्या दिवसापासून जगला. पण समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो, आणि पीएच जितका चढा तितका अमोनिया जास्त विषारी. गोड्या पाण्यात मासा जेवढं सोसतो तेवढ्यात इथे तो तळाशी जाऊन पडतो.

आमच्या दुकानात यावर तोड होती. आधी चार डॅमसेल द्यायचे. निळा, चिवट, स्वस्त मासा. तो अमोनियात जळत-जळत महिना काढायचा आणि त्याच्या जिवावर टँक पिकायचा. मेला तर दुसरा. गिऱ्हाइकाला आम्ही सांगायचो, "हा मरत नाही." मरायचा. फक्त सावकाश मरायचा.

नोकरी सोडून गावी आलो आणि स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा मी एक वही घातली. तारीख, गाव, मासा, आणि शेवटचा रकाना 'कारण'. पहिल्या दोन वर्षांत त्या रकान्यात बहुतेक एकच शब्द आहे: 'माहीत नाही'.

किन्हवलीकडच्या एका शिक्षकांनी हा रकाना भरायला मला शिकवलं. त्यांना तसं वाटत नसेल. सरांनी दोनशे लिटरचा टँक घेतला होता. आठव्या-दहाव्या दिवशी वाळूवर, काचेवर तपकिरी थर चढला. त्यांनी टँक उपसला, दगड नळाखाली घासले, वाळू धुतली आणि पुन्हा भरला. पुन्हा थर. पुन्हा उपसला. तिसऱ्यांदा मला फोन आला, "तुमचं मीठच खराब आहे."

मी गेलो. मीठ खराब नव्हतं. तो थर डायटमचा होता, सिलिकावर वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा. नव्या टँकला तो येतोच आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. सरांचं पाणी बोअरचं असल्याने तो जरा जास्तच आला होता. पण त्या थरापेक्षा सरांची स्वच्छता टँकला जास्त नडत होती. दर वेळी दगड धुताना ते बसू लागलेली जिवाणूंची वस्ती नाल्यात सोडत होते. महिन्याभरात टँक तीनदा जन्माला आला आणि तीनदा मेला.

मी म्हटलं, "सर, आता एक कोळंबी टाका आणि दीड महिना हात लावू नका."

"जिवंत?"

"नाही, बाजारातली. सडू द्या. त्या अमोनियावर वस्ती बसेल."

सरांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "म्हणजे पैसे देऊन वास विकत घ्यायचा." मला उत्तर सुचलं नाही.

पण सर गणिताचे. त्यांनी आलेखकागद काढला आणि दर दुसऱ्या दिवशी टेस्ट किटची नळी खिडकीच्या उजेडात धरून आकडे मांडले. अमोनिया चढला, मग उतरू लागला. तो उतरताना नायट्राइट चढला, आणि तोही उतरला. सदतिसाव्या दिवशी दोन्ही शून्यावर आले. तो कागद त्यांनी मला दाखवला तेव्हा मी पहिल्यांदा ही गोष्ट डोळ्यांनी पाहिली. दुकानात इतकी वर्षं काढून मी ती नुसती ऐकली होती. मग त्यांनी दोन क्लाउन सोडले, पैदास केलेले. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनची पैदास होते, आणि टँकमध्ये जन्मलेला मासा समुद्रातून पकडून आणलेल्यापेक्षा लवकर रुळतो, हे मला तोवर कळलं होतं.

त्यानंतर माझं पहिलं वाक्य बदललं. पूर्वी मी गेल्या-गेल्या पाण्यात हात घालायचो. आता आधी विचारतो, "काल काय केलंत?" उत्तर ठरलेलं असतं: "काहीच नाही." त्या 'काहीच नाही'च्या पोटात काय आहे ते काढायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी दोन चहा.

एका पावसाळ्यात शहापूरजवळच्या गावातून फोन आला. टँकमधले झिंगे रात्रीत मेलेले, मासे पृष्ठभागावर तोंड काढून. मी नेहमीचा प्रश्न विचारला. मालक म्हणाले, काहीच नाही. मी अमोनिया तपासला, ठीक. खारटपणा ठीक, पंप चालू. बावळटासारखा उभा राहिलो. तेवढ्यात ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या त्यांच्या आई म्हणाल्या, "काल सांजच्याला डासांचं मशीन आलं व्हतं. धूरच धूर. म्या खिडकी लावली, पन त्याचा तो फुगेवाला पंप चालूच व्हता."

तो पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. डास मारायच्या फवाऱ्यात जी औषधं असतात ती माणसाला फारशी बाधत नाहीत, पण मासे आणि त्याहून जास्त झिंगे-खेकडे यांना अगदी थोडीही पुरतात. मी निम्मं पाणी बदललं, फिल्टरला कोळसा लावला. मासे वाचले. वहीत कारण लिहिलं, आणि खाली स्वतःसाठी एक ओळ: टँक ज्याचा आहे त्याला विचारू नये, घरात जो दिवसभर असतो त्याला विचारावं. मालक संध्याकाळी येऊन निळा दिवा लावून बसतो. खिडकी कधी उघडी होती, लाइट किती वेळ गेली, नातवाने बिस्किट टाकलं का, हे आजीला, सुनेला किंवा फार्महाऊसवरच्या रखवालदार काकांना ठाऊक असतं.

त्या काकांचीही एक हकिगत आहे. माळशेजच्या रस्त्यावरचं फार्महाऊस. मालक शनिवार-रविवारचे. काका मला म्हणाले, "दादा, त्या पाण्यात हात घातला की मुंग्या येतात. साहेबांना सांगितलं तर म्हणतात थंडीने असेल." डिसेंबर होता, मुरबाडकडे रात्री गारठा असतोच. मी टेस्टर घेतला आणि तो पेटला. हिटरची काच तडकली होती. टँक साफ करताना काकांनी तो गरम असताना पाण्याबाहेर काढला होता, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. घराला अर्थिंगच नव्हतं. मासे मजेत पोहत होते, कारण त्यांच्यातून करंटला जमिनीकडे जायला वाट नव्हती. ती वाट काकांच्या अनवाणी पायांतून होती.

त्या दिवशी मी पहिल्यांदा गिऱ्हाइकावर आवाज चढवला. आता अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच असल्याशिवाय मी कुठेही खारा टँक लावत नाही, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर नेतो, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगात न जाता खाली ठिबकतं. त्या फार्महाऊसचा टँक मीच लावला होता. अर्थिंग तपासायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं. काका नशिबाने वाचले, माझ्या हुशारीने नाही.

आमच्याकडची लाइट हा वेगळाच विषय. पावसाळ्यात झाड पडलं की रात्रभर काळोख. मीठ विरघळलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक-पंचमांशाने कमी. पाणी गरम झालं की आणखी कमी. म्हणून लाइट गेली की दिवा आणि फिल्टर यांची चिंता नंतर. आधी पाणी हलतं ठेवायचं. शे-दोनशे रुपयांचा सेलवरचा हवेचा पंप पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या हजारोंच्या स्किमरपेक्षा जास्त मासे वाचवतो. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा त्याला वाटतं, याला स्वस्तात उरकायचंय.

सगळ्यात महाग धडा मात्र मेमधला. खाऱ्या टँकला पंचवीस-सव्वीस अंश मानवतात आणि शहापुरात दुपारी पारा चाळिशीला टेकतो. चिलर परवडत नाही, म्हणून लोक पाण्यावर पंखा लावतात. पंख्याने पाणी उडतं आणि गार होतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची. एका हॉटेलातल्या पोराला मी हे सांगायला विसरलो. त्याचं गणित सरळ होतं: टँक खारा, तर भरही खारी. दोनशे लिटरच्या टँकमध्ये साधारण सात किलो मीठ असतं, लिटरला पस्तीस ग्रॅम. रोज पाच लिटर खारं पाणी म्हणजे रोज पावणेदोनशे ग्रॅम मीठ. दहा दिवसांत पावणेदोन किलो वाढलं. पस्तीसचा खारटपणा चव्वेचाळिसावर गेला.

मी पोचलो तेव्हा मासे धापा टाकत होते. मला मालकासमोर हुशारी दाखवायची होती. तासाभरात बादल्या ओतून आकडा पस्तीसवर आणला. माशांनी तो उतार सोसला, मालकाने पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सगळे झिंगे आणि गोगलगाई मेलेल्या. हेच मी दोन-तीन दिवस लावून केलं असतं तर त्यांतले बरेच जगले असते. वहीत कारण लिहिताना आधी 'पोराची चूक' लिहिलं. मग ते खोडलं. चढवलं त्याने दहा दिवसांत, उतरवलं मी तासात.

अशाच घाईने एका सोनारांचा टँक गेला. निळ्या टँग माशावर पांढरे ठिपके दिसले. त्यांनी मला न विचारता तांब्याचं औषध थेट टँकमध्ये ओतलं. ठिपक्यांच्या परजीवीवर तांबं चालतं, पण वेगळ्या पेटीत, मोजून. मोठ्या टँकमध्ये झिंगे त्याने मरतात, आणि दगड-वाळू तांबं शोषून पुढे कित्येक महिने थोडं-थोडं सोडत राहतात. खरं तर नवा मासा आधी वेगळ्या पेटीत ठेवायला हवा होता, आणि टँगला त्या टँकच्या दुप्पट-तिप्पट जागा. दोन्ही मी सांगितलं होतं. पण मासाही मीच विकला होता. ज्याने 'नको' सांगितलं त्यानेच पैसे घेतले, मग 'नको' कोण ऐकेल?

विकण्यावरून आणखी एक कबुली. कुर्ल्यात असताना मी वाळलेल्या प्रवाळाचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून विकले आहेत. सजावट म्हणून जायचे. समुद्रघोडे, समुद्रपंखे आणि खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या शेजारी. मला हे पुष्कळ वर्षांनी कळलं. आता एखादं गिऱ्हाईक गोव्याहून आणलेला तुकडा दाखवून "हा टाका आत" म्हणालं तर मी नाही म्हणतो आणि सिमेंटचे केलेले दगड देतो. काही गिऱ्हाइकं त्यावरून गेली. जाऊ देत.

एक गोष्ट मात्र माझ्याने अजून नीट सुटलेली नाही. खाऱ्या टँकला बोअरचं पाणी चालत नाही, आरओचं लागतं. घरगुती आरओतून एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर वाया जातं. दोनशे लिटरचा टँक भरायचा तर सहाशे लिटर मोरीत. माझ्या तालुक्यात तानसा धरण १८९२ पासून आहे, भातसा आहे. मुंबई हे पाणी पिते, आणि आमच्या कित्येक पाड्यांवर एप्रिल उजाडला की टँकर लागतो. एका मे महिन्यात मी एका घरी टँक भरत होतो. आरओची पांढरी नळी अंगणात सोडली होती. शेजारची बाई हंडा घेऊन आली आणि काही न बोलता तो नळीखाली लावून उभी राहिली. भरला, तसा दुसरा लावला. मी म्हटलं, "काकी, ते पिऊ नका, नुसत्या क्षारांचं आहे."

"भांड्यांला चाललं ना?" तिने विचारलं. मग काचेकडे बघून म्हणाली, "आन ह्ये मीठ घालून नासवायचं?"

त्यानंतर मार्चपासून पाऊस पडेपर्यंत मी नवा खारा टँक लावत नाही. ज्या घरी टँक आहे तिथे आरओखाली पिंप ठेवायला लावतो. ते पाणी भांड्यांना, लादीला जातं. यातून टँकर कमी होत नाही, हे मला कळतं. काकीच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे, हेही कळतं.

नव्याने टँक घेणारे अजून येतात. मी त्यांना आधी दीड महिन्याची गोष्ट सांगतो आणि निम्मे तिथेच गळतात. उरलेल्यांना सांगतो, काही बिघडलं तर तीन गोष्टी करा: हवा वाढवा, खाणं थांबवा, मला फोन करा. औषध ओतू नका, दगड धुऊ नका, नवा मासा आणू नका. नव्या टँकचं दुखणं बहुतेक वेळा उपायाएवढं मोठं नसतं.

वही आता तिसरी चालू आहे. गेल्या पावसाळ्यात लाइट नव्हती त्या रात्री पहिली वही काढून बसलो आणि 'माहीत नाही'च्या जागा एकेक करून भरू लागलो. तारीख पाहिली की बरंच आठवायचं. इथे मी दुसऱ्याच दिवशी मासे सोडायला सांगितले होते. इथे हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडा चिकटला होता आणि मी तसाच आकडा वाचला. इथे औषध माझं, इथे घाई माझी. पहाटेपर्यंत बऱ्याच जागा भरल्या. अकरा उरल्या. पाणी ठीक, खाणं ठीक, घरातल्या सगळ्यांना विचारून झालेलं, आणि तरी मासा मेलेला. त्या अकरांपुढे काहीतरी लिहावं म्हणून दोनदा पेन उचललं. मग लाइट आली, पंप सुरू झाले, आणि मी वही मिटून टँक बघायला गेलो.